बसरायचं कवच

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

ही डायरी २०२३ सालची आहे. कुणाच्या तरी डांगरीच्या खिशात कोरी सापडली. आमच्या लाँड्रीत नियम आहे, वस्तूवर नाव नसेल तर तीन दिवस वाट बघायची, मग ज्याला सापडली त्याची. माझी झाली. छापलेले वार चुकीचे आहेत म्हणून खोडून वर लिहितो. शुद्धलेखन कुणी तपासू नये. मी आठवी नापास आहे.

लिहायला घेतलं कारण आज जे झालं ते इथे सांगायला मराठी माणूस नाही.

दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर एका व्हिडिओत एक जण जुनी नाणी नि मेडलं दाखवत होता. सोलापूरचा माणूस, ढवळे नाव. त्याने हातात एक गोल चकती घेतली, लहान ताटलीएवढी, काळपट पितळेसारखी. तिच्यावर बाई उभी. हातात त्रिशूळ. पायाशी वाघ, म्हणजे तो सिंह म्हणत होता. बाजूला दोन मासे. मी ओरडलोच, "आयला, बसराय!" शेजारी माझ्या खोलीतला नरसय्या जेवत होता, त्याला वाटलं चटका बसला.

बसराय म्हणजे आमच्या घरची देवी. विरारजवळ खार्डीच्या घरी देवघरात मधोमध तीच असते. दर नवरात्राच्या आधी आजी तिला तेल-शेंदूर चढवते. थर एवढा झालाय की त्रिशूळाचं टोक, बाईचं डोकं आणि वाघाची पाठ एवढंच कळतं. कडेचा एक मासा मी लहानपणी बोटाने चाचपायचो.

तो ढवळे म्हणाला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढताना जे मेले त्यांच्या घरी सरकारने ही चकती पाठवली, एकेकाचं नाव ओतून. गोऱ्यांनी तिचं नाव पाडलं मेलेल्याचा पैसा. हिंदुस्थानी नावाची चकती क्वचित बघायला मिळते, शौकीन लोक चांगली किंमत देतात.

शेवटचं वाक्य मी चार वेळा मागे घेऊन ऐकलं.

२० ऑगस्ट

ढवळ्यांना फोन लागला.

"घरी आहे म्हणता? सगळ्यांच्याच घरी असतं हो. परवा एकाने स्टोव्हचं झाकण पाठवलं."

मी म्हटलं, शेंदूर आहे वरून, देवी म्हणून पुजतात. त्यांचा आवाज बदलला.  "त्रिशूळाच्या उजवीकडे एक चौकोन असतो. त्यात उठावाचं नाव असतं. ते दिसलं पाहिजे. आणि ऐका, घासायचं नाही, चिंच नाही, पितांबरी नाही, लिंबू नाही. बायकांच्या हाती दिलंत की संपलं."

"लाख मिळतील?"

"मोबाइलवर सगळे लाखच म्हणतात. नाव नीट निघालं तर चाळीस हजारापर्यंत बघू."

चाळीस हजार. मला बरोबर तेवढेच लागतात. ऑफिसातल्या क्लार्कला मागच्या महिन्यात विचारलं होतं. बाँड दोन वर्षांचा, माझे झालेत आठ महिने. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. तो म्हणाला, आधी जायचं तर व्हिसाचा खर्च आणि तिकीट भर आणि जा, आम्हाला काय. हिशेब करून दाखवला, चाळीस हजार रुपये होतात.

घरी यातलं काही माहीत नाही. घरी मी सांगितलंय की कुवेतमध्ये मोठ्या दुकानात काउंटरला आहे, एसीत. आहे वाफेच्या प्रेसवर. दिवसाला तीनशे डांगऱ्या. तेलकट कपड्यांना जे औषध मारतात त्याचा वास घशात बसतो. जेवताना पण तोच.

मी एका जागी टिकत नाही असं आई म्हणते. रेतीच्या होडीवर होतो, मग टेम्पोवर, मग मनवेलपाड्याला सलूनमध्ये चार महिने. तिथून मी उठून आलो ते मला कंटाळा आला म्हणून. इथून उठता येत नाही, हा फरक आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. दीपिकाला व्हिडिओ लावला. दीपिका माझी बहीण, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, घरात इंग्रजी तिलाच येतं. बाबा गेल्यापासून घरात तीन बायका, ती, आई आणि आजी. पुरुष म्हणून मी, तो इकडे.

आजी मध्येच मोबाइलात घुसली. "सुरज, बाला, सुकलास रं. तितं पानी गोड हाय का खारं?"

"गोड आहे, आजी. बाटलीतलं."

"आन खोकतोस कनाला?"

"एसीमुळे."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आजी, बसराय आपल्याकडे आली कुठून?

तिने ऐकवलं ते मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण आज कान देऊन ऐकलं. माझा खापरपणजा काशीराम साहेबाच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. घरी बायको आणि अंगावरचं पोर. लढाई संपली, गावचे दुसरे दोघे आले, हा आला नाही. मग एक दिवस टपालवाला जाड पाकीट घेऊन आला. आत ही देवी आणि इंग्रजी कागद. कागद कुणाला वाचता येईना. टपालवाला म्हणाला, बसऱ्याहून आलंय, सरकारचं आहे. पाकिटातून वाघवाली आली म्हटल्यावर बायांनी तिथेच ओवाळली. बसऱ्याहून आली म्हणून बसराय. कागद पुढे पुरात गेला.

"माजी आजेसासू, काशीरामाची बायको, रोज तिच्यापुढं बसायची. मी लगीन होऊन आले तवा म्हातारी झालेली, पन कपालाला कुंकू एवडं. मरेपर्यंत हिरवा चुडा. गाव म्हनायचा, त्यानी बसऱ्यात दुसरी केली. ती म्हनायची, बसराय धाडील त्याला घरी. मरताना मला सांगून गेली, रंभा, दिवा चुकवू नको, तो वाटेत असंल."

शाळेत मला पोरं "बसऱ्याचा" म्हणायची. कुवेतचा व्हिसा आला तेव्हा शेजारचा काका म्हणाला होता, हा पण चालला बसऱ्याला. आज नरसय्याला विचारलं बसरा कुठे आहे. तो म्हणाला, बॉर्डरच्या पलीकडे इराकात, गाडीने दोन-तीन तास. मला वाटायचं बसरा म्हणजे फक्त बोलण्यात असतो.

आजी आता ऐंशीची आहे. दिवा चुकवलेला नाही.

१ सप्टेंबर

गणपती होते म्हणून थांबलो. काल पाच दिवसांचे गेले. आज दीपिकाला खरं सांगितलं. म्हणजे चकतीचं खरं सांगितलं, माझं नाही.

"शेंदूर काढू? आजीच्या देवीचा? दादा, तू येडा हायस का?"

"चौकोनाएवढाच."

"शेंदूर आपण काढत नाय. देवी सोडते. माहीत नाय तुला?"

माहीत आहे. शेंदराचा थर फार झाला की कधीतरी आपसूक निखळतो, त्याला कवच सोडणं म्हणतात. देवीने कवच सोडलं की गाव बघायला येतं. माणसाने नख लावायचं नसतं.

मी म्हटलं, "मग सोडलं म्हणून सांग."

 ती म्हणाली, "तुला पैसे कशाला पायजेत?"

मी म्हटलं, बाइक घ्यायचीय, आल्यावर.

का म्हटलं असं? तोंडातून गेलं. तिला सांगायला हवं होतं की मला यायचंय. पण आठ महिने एसी एसी केल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगू. विमानतळावर आजीने बोटं मोडली होती, आईने कानातलं मोडून एजंटाला दिलं होतं.

५ सप्टेंबर

नरसय्याने बेड हलवला. म्हणाला पंख्याचा वारा लागत नाही इकडे. वारा तिकडे पण लागत नाही, मी बघितलंय.

१० सप्टेंबर

झालं! आजी आणि आई दुपारी बाजाराला गेल्यावर दीपिकाने केलं. खोबरेल चोळलं, केस वाळवायच्या मशिनीची गरम हवा दिली, म्हणाली थर असा सुटला जसं केळ्याचं साल. चौकोनाएवढा सांगितला होता, सगळाच आला. एकाच तुकड्यात. ती घाबरून रडत होती. मी म्हटलं फोटो पाठव आधी.

काय बाई आहे ती! शिरस्त्राण घातलंय. वाघ नाही, सिंहच आहे, आयाळ आहे. आणि चौकोनात अक्षरं. मी एक एक लावून वाचलं. KASHIRAM.

खापरपणजाचंच नाव. म्हटलं बरं झालं, घरचंच नाव निघालं, मालकी सांगायला सोपं.

ढवळ्यांना फोटो टाकला. त्यांनी अंगठा पाठवला आणि लिहिलं, मुंबईतला शौकीन तयार आहे, माझा माणूस विरारला येऊन घेईल, वार कळवा.

आज प्रेसवर तीनशे साठ काढल्या. सुपरवायझर बघत राहिला.

११ सप्टेंबर

आजीचा आवाज आला मोबाइलवर, दीपिकाने पाठवलेला. मागे बायकांचा गलका.

"सुरज, बाला, बसरायनी कवच सोडलं रं! पितरांचे दिस असून सोडलं! माज्या हयातीत सोडलं. रूप बगायला पायजे होतास तू. आख्खा पाडा आलाय. काय तरी चांगला होनार हाय तुजं, मी सांगते. माज्या मनात पयला तूच आलास."

मी दोनदा ऐकलं. मग ठेवून दिला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दीपिकाचा फोन. तिला नीट बोलता येत नव्हतं.

काल संध्याकाळी बायका ओटी भरायला रांगेत होत्या. आमच्या उपकेंद्रात रोवेना सिस्टर आहेत, पापडीच्या, नर्स. मीच त्यांच्याकडून लहानपणी सुया घेतल्यात. त्या आजीची बीपीची गोळी द्यायला आल्या. आजीने हात धरून आत नेलं. "सिस्टर, तुमी तुमच्या मायला मानता, आमच्या मायला बगा, कवच सोडलंय." सिस्टर वाकल्या. कडेला इंग्रजी अक्षरं गोल फिरलीत, ती त्यांनी ताटली फिरवून फिरवून वाचली. मग छातीवर क्रूस केला.

आजी म्हणाली, "काय लिवलंय मायनी?"

सिस्टर दीपिकाकडे बघायला लागल्या. दीपिका खाली बघत होती. तिने आदल्या दिवशीच वाचलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "आजी, ही देवी नाय. हे मयताचं आहे. स्वातंत्र्यासाठी नि मानासाठी तो मेला, असं आहे. आणि इथे नाव आहे. काशीराम."

दीपिका म्हणते, रांगेतल्या बाया ओट्या घेऊन तशाच उभ्या.  एक म्हणाली, "म्हंजे पळाला नव्हता." मग आजी खाली बसली. ताटली मांडीवर घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. तिला मराठी पण वाचता येत नाही.

मी विचारलं, ताटलीला ओरखडा तर नाही ना पडला त्या गडबडीत?

दीपिकाने फोन ठेवला.

१४ सप्टेंबर

आजीने स्वतः फोन लावायला सांगितला. मोबाइल उलटा धरला होता, छत दिसत होतं आणि आवाज.

"सुरज, तो आला होता रं."

"कोण, आजी?"

"काशीराम. लढाई संपली तवाच आला होता घरी. टपालानी आला. आन आमी त्यालाच देवारात बशिवला, आन त्यालाच रोज सांगत होतो, माय, त्याला घरी धाड."

मी मोबाइलचा आवाज वाढवला.

"म्हातारी पन्नास-साठ वरसं त्याच्या म्होरं बसली. कुंकू लावून. त्याला कोनी पानी दिला नाय, पिंड दिला नाय. शंभर वरसं तहानेला, घरात बसून. वरनं आमी शेंदूर थापतोय."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"सर्वपित्रीला त्याला वाटंला लावनार. हाडं नायत तर हे हाय. ओहोटी लागली का खाडीत सोडनार."

मी एकदम म्हटलं, नको! ती म्हणाली, "का रं?" इथे मी सांगायला पाहिजे होतं. आजी, मला यायचंय, ती विकली तर मी येतो. एवढं तर वाक्य. ती नाही म्हणाली नसती. मला माहीत आहे, एका क्षणात दीपिकाच्या हातात दिली असती तिने.

मी म्हटलं, जुनी वस्तू आहे, किंमत आहे तिला.

"किंमत नसंल तर कशाला धाडली आसंल सरकारनी," आजी म्हणाली. "तू बरा हायस ना तितं? मग झाला."

१६ सप्टेंबर

ढवळे रोज विचारतात. आज त्यांना सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. ते म्हणाले, "विसर्जन? अहो, अशी चकती मी तीस वर्षांत तीनदा पाहिली!" मग म्हणाले, "एक फोटो नीट काढून ठेवा. नावाचा." मग पुन्हा, "शनिवारपर्यंत माणूस पाठवू शकतो. तुम्ही घरात मोठे ना? तुमचं ऐकतील."

मी मोठा. घरातला कर्ता.

१७ सप्टेंबर

कॅम्पच्या डॉक्टरने पाठीला नळी लावली, पुन्हा लावली. एक्स-रे काढ म्हणाला. क्लार्क म्हणतो, रविवारनंतर बघू, गाडी रिकामी नाही. थुंकीत लाल दिसलं ते त्या डांगऱ्यांच्या रंगाचं असणार, सध्या लाल रंगाचा माल चालू आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दीपिकाला म्हटलं, ढवळ्यांचा माणूस उद्या येतोय, ताटली गुपचूप दे, आजीला दुसरी पितळेची ताटली फडक्यात गुंडाळून दे, तिला काय दिसतंय.

"तिला बोटांना दिसतं, दादा. आठ दिवस तीच अक्षरं चाचपतेय. ते के कुठे आहे ते तिला पाठ झालंय."

मग म्हणाली, "कवच सोडलं असं मी खोटं बोलले ना, त्याचं मला झोपताना आठवतं. आणखी नाय बोलनार. बाइक मी तुला घेऊन देईन, नोकरी लागली की. शप्पथ."

मी म्हटलं, राहू दे बाइक.

"मग रागावलास कशाला?"

"नाही रागावलो."

"दादा, तू बरा हायस ना?"

तिघी तेच विचारतात. मी तेच सांगतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

सकाळी साडेदहाला फोन आला, तिकडे दुपारचा एक. मी प्रेस नरसय्याला सांभाळायला देऊन बॉयलरच्या मागे गेलो. आई, आजी, दीपिका खाडीवर. रेतीच्या होड्या लागायच्या ती जागा, मी ओळखली. गावातले सात-आठ जण मागे, आणि रोवेना सिस्टर पण, चपला हातात घेऊन. पाणी काठोकाठ होतं आणि मागे जायला लागलं होतं.

आजीच्या हातात ताटली. शेंदूर पूर्ण पुसलेला. आईने मोबाइल धरला होता.

"सुरज, पानी घरच्या पुरुषानी द्यायचा असतो. तू दे. तू दिलास तर मी सोडनार. तुज्यापाशी तीळ हायत?"

तीळ कुठून असणार. मग आठवलं, कँटीनच्या पावावर तीळ असतात. सकाळचा एक खिशात होता. नखाने खरवडले, पंधरा-वीस निघाले. पाणी पिण्याच्या बाटलीतलं.

"दक्षिनेला तोंड कर."

तिथल्या भिंतीवर नमाजाच्या दिशेचा बाण आहे, एकदा नरसय्याने सांगितलं होतं की त्याच्या जरा डावीकडे दक्षिण येते. तसा अंदाजाने उभा राहिलो. समोर धुवायच्या डांगऱ्यांच्या गोणी.

"अंगठ्याच्या बाजूनी सोड. आन नाव घे."

मी हात पुढे केला. तेवढ्यात मनात आलं, नाही म्हणायचं. मी नाही सोडलं तर ती पण सोडणार नाही, स्वतःच म्हणाली. ढवळ्यांचा माणूस उद्या पण येईल. चाळीस हजार, पासपोर्ट, विमान. सगळं माझ्या अंगठ्याच्या अलीकडे होतं.

आजीने मोबाइलात डोळे बारीक केले होते. तिला मी दिसत नसणार, नुसता उजेड दिसत असेल.

"काशीराम," मी म्हटलं. पाणी सोडलं. तीळ हाताला चिकटून राहिले, ते झटकले.

"तीनदा."

तीनदा सोडलं.

आजी गुडघाभर पाण्यात गेली. दीपिकाने तिला कमरेला धरलं होतं. आजी ताटलीला म्हणाली, "जा रं बाबा. म्हातारी वाट बगते तितं." आणि हात उघडले. आवाज पण नाही झाला. जड असते ती.

मागून कुणीतरी नाक ओढलं. मला वाटतं सिस्टर.

परत येताना आजीने मोबाइल मागितला. पदराने डोळे पुसत होती, पण तोंड हसरं होतं, असं हसरं मी बाबा गेल्यानंतर बघितलं नव्हतं.

"आता तू कवा येतोस?"

"पुढच्या वर्षी, आजी. बाँड संपला की."

"ये." मग एकदम तिचा चेहरा उतरला, काही विसरल्यासारखा. "सुरज, पन आता मी कोनाला सांगू रं, तुला घरी धाड म्हनून?"

नेटवर्क होतं. मीच बंद केला.

२४ सप्टेंबर

घरी घट बसलेत. दीपिकाने फोटो टाकला. देवघरात मधोमध गोल जागा आहे, आजूबाजूला धुराने काळं आणि ती जागा पांढरी. आजीने तिथे काही ठेवलेलं नाही. दिवा मात्र लावलाय.

ढवळ्यांनी लिहिलं, असो. आणि पुढे, नावाचा फोटो छान आलाय.

एक्स-रेची गाडी अजून नाही. आज प्रेसवर नाही बसवलं, खोकला कपड्यांवर जातो म्हणून नावं घालायला बसवलंय. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने नाव नि नंबर. धुऊन जात नाही तो मार्कर, कितीही वाफ द्या. माझ्या कार्डावर नाव आहे ते इंग्रजीत आणि अरबीत.

दुपारी जेवायला सगळे गेले तेव्हा मी माझे तिन्ही शर्ट आणले. कॉलरच्या आत मराठीत लिहिलं. सुरज भोईर, खार्डी, विरार पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर. अक्षर मोठं काढलं. मग शेवटच्या शर्टावर खाली आजीसाठी आणखी एक ओळ घातली, रंभाबाईस वाचून दाखवावे.

उगाच. हातात मार्कर होता म्हणून.